दाढेतलं गाव

यंत्राने रोशनीच्या मागच्या दाढेवरून केसाहून बारीक ओरखडा काढला, तेव्हा तिने खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरून ठेवले होते. दुखलं काहीच नाही. चौदा सेकंदांत काम उरकलं.

"एवढंच?" गालातला कापूस काढत तिने विचारलं.

"एवढंच," यंत्र चालवणारा फैजान काझी म्हणाला. "आता तुझी दाढ सांगेल, तू लहानपणी कुठलं पाणी प्यायलीस ते."

"आन् ती खोटं बोलली तर?"

"खोटं माणसं बोलतात. दाढांना ते जमत नाही."

२०४१ सालचा एप्रिल होता. जालन्याच्या रहिवास पडताळणी केंद्रात भिंतीलगतच्या बाकावर कुंदा बोर्डे मांडीवर फायलींचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्या सव्वीस वर्षं रसायनतज्ज्ञ होत्या. रोज सकाळी शहराचं पाणी काचेच्या नळीत धरून बघायचं, एवढं त्यांचं जग. एकट्या राहायच्या. रोशनीची आई पुष्पा त्याच केंद्रात कंत्राटी कामगार होती, गाळणीच्या वाळूचे थर धुवायची. जानेवारीत तापाचं निमित्त झालं आणि सहा दिवसांत ती गेली. मागे सोळा वर्षांची मुलगी राहिली. ना नातेवाईक, ना कागद. बाल कल्याण समितीने विचारलं, कुणी सहा महिन्यांसाठी तात्पुरतं पालकत्व घेईल का? कुंदाताईंनी विचार न करता सही केली, आणि सही झाल्यावर आठवडाभर विचार केला.

पण तीन महिन्यांत घराची चाल बदलली होती. रोशनी घरात शिरली की भांडी वाजायची, रेडिओ लागायचा, प्रश्न सुरू व्हायचे. आणि तिला उंचीचं वेड होतं. जलकुंभाची शिडी ती लहानपणापासून माकडासारखी चढायची. मार्चमध्ये तिने पवनचक्की तंत्रज्ञाच्या निवासी प्रशिक्षणाची परीक्षा दिली. चढाईच्या चाचणीत राज्यातून आलेल्या सगळ्या मुलामुलींत ती पहिली आली. नव्वद मीटर उंच मनोऱ्यावरून खाली उतरल्यावर तिने परीक्षकाला विचारलं होतं, "सर, अजून एकदा जाऊ का?"

जागा मिळाली. वसतिगृह, फी, पुढची दोन वर्षं, सगळं 'उभारी' या सरकारी योजनेतून होणार होतं. अट एकच: अर्जदार जन्मापासून किंवा किमान पंधरा वर्षं राज्याचा रहिवासी हवा. रोशनी जालन्यात आली ती पाच वर्षांची असताना. त्याआधीचा एकही कागद नव्हता. गाव कुठलं म्हणून विचारलं की पुष्पा म्हणायची, "आपलं गाव बुडालं." पुढे ती बोलत नसे.

अशा बिनकागदी माणसांसाठीच 'दंतलेख' ही चाचणी आली होती. खडकातून पाण्यात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य उतरतं. ते पाणी लहान मूल पितं आणि दाढ घडताना थोडं स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. दाढेवरचं कवच एकदा झालं की शरीर ते पुन्हा बदलत नाही. पहिल्या पक्क्या दाढेचं कवच जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होतं, म्हणजे पहिली तीन वर्षं तिथे कायमची नोंदली जातात. खडक जितका जुना, तितकं त्यातलं रुबिडियम हे दुसरं मूलद्रव्य मोडून जड स्ट्रॉन्शियम जास्त झालेलं असतं. त्यामुळे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड आणि दोन-अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट या दोघांचं पाणी यंत्राला अगदी वेगळं ओळखू येतं. पूर्वी या मोजणीला मोठी प्रयोगशाळा लागायची. आता कपाटाएवढं यंत्र जिल्ह्याजिल्ह्यात बसलं होतं. कागद नसलेल्या हजारो लोकांना त्याने नाव-गाव मिळवून दिलं होतं.

आठ दिवसांनी निकाल आला. कुंदाताईंनी फोनवर तो दोनदा वाचला. 'जन्म ते तिसरे वर्ष: परराज्य. संभाव्य क्षेत्र: तेलंगण. हरकतीची मुदत: एकवीस दिवस.'

"म्हंजे काय, मावशी?"

"म्हणजे योजना नाही." कुंदाताईंनी फोन तिच्यापुढे धरला. "आणि प्रकरण त्या राज्याकडे वर्ग होणार. तुला तिकडच्या बालगृहात पाठवतील."

"तिकडं? मला तेलुगूचा एक शब्द येत नाही!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसातले देवकर कुंदाताईंच्या टेबलाशी येऊन बसले. माणूस मदतीला तत्पर, पण मदतीची वाट नेहमी मागच्या दाराने जाणारी. "मॅडम, दंतलेखाचा अर्ज मागं घ्या. जन्माचा दाखला सापडला म्हणा. इथल्याच एका बंद पडलेल्या दवाखान्याचं रजिस्टर माझ्या ओळखीच्या माणसाकडं आहे. जन्म जालना. विषय संपला."

"आणि नातेवाईक?"

"आता नातेवाईक कशाला शोधतंय कुणी? पोरगी तुमच्याकडंच राहील की अठरापर्यंत."

देवकर सहज बोलून गेले, पण ते शेवटचं वाक्य कुंदाताईंच्या मनात घर करून बसलं. दोन दिवसांत दाखला आला. त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि वरण गरम करायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा रोशनी तो वाचत होती.

"आईचं नाव बरोबर आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं खोटं."

"हो."

"हे तुम्ही माझ्यासाठी करायल्यात?"

कुंदाताई खुर्चीवर बसल्या. या मुलीला खोटं सांगणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. "थोडं तुझ्यासाठी. थोडं माझ्यासाठी. तुझं कुणी सापडलं तर समिती तुला त्यांच्या ताब्यात देईल. मी तात्पुरती आहे, रोशनी. कागदावर तसंच लिहिलंय."

रोशनीने दाखला टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आई म्हणायची, गाव बुडालं. मला वाटायचं, धरणात गेलं असंल. पण मावशी, ते यंत्र म्हणतंय की गाव आहे. कुठंतरी आहे, आन् ते माझ्या दाढेत बसलंय! ते बघायचं सोडून मी हे घेऊ?"

कुंदाताईंनी दाखला उचलला, चार तुकडे केले आणि वरणाचं भांडं त्यावरच टेकवलं. "उद्या सुट्टी टाकते," त्या म्हणाल्या. "फैजानकडे जाऊ. मला नुसता निकाल नको, आलेख बघायचाय."

फैजानने आढेवेढे घेतले नाहीत. त्याने पडद्यावर दोन रेषा उघडल्या. "ही स्ट्रॉन्शियमची. ग्रॅनाइटचा प्रदेश, यात शंका नाही. ही दुसरी ऑक्सिजनची. यंत्र ती नोंदवतं, पण निकालात तिला फारसं वजन नसतं."

कुंदाताई पडद्याजवळ गेल्या. दुसरी रेषा सरळ नव्हती. ती चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. तीन उंचवटे होते.

"हे काय आहे ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या आवाजात एकदम धार आली. "उन्हात पाणी उडतं तेव्हा हलक्या ऑक्सिजनचं पाणी आधी उडतं, जड मागे राहतं. वाहत्या नदीत, खोल बोअरमध्ये इतका फरक पडत नाही. हे साचलेलं पाणी आहे. उथळ आणि पसरट. रोशनी, हे तीन उन्हाळे आहेत. तुझे पहिले तीन."

रोशनीने पडद्याला बोट लावलं. "हा पहिला?"

"तो पहिला."

"म्हणजे तलाव," फैजान म्हणाला. "म्हणून तर तेलंगण आलं. तिकडे जुन्या ग्रॅनाइटवर शेकडो तलाव आहेत."

"ग्रॅनाइटवर तलाव काय फक्त तिकडेच आहेत? भंडारा-गोंदिया आहे की! आख्खे दोन जिल्हे तलावांचे. आणि खडक जुना. यंत्र ज्याच्याशी दाढ ताडतं, त्या तुमच्या पाण्याच्या नकाशात तिकडचे नमुने किती आहेत?"

फैजानने यादी उघडली. राज्यातल्या नऊशे चाळीस नमुन्यांपैकी पूर्व टोकाचे फक्त पाच होते. पाचही नदीचे. तलावाचा एकही नव्हता.

"यंत्र जवळात जवळचं साम्य शोधतं," तो सावकाश म्हणाला. "जे नकाशात नाही, ते त्याला सापडणार कसं?"

"आम्ही आणून दिलं तर चालवाल?"

"नियमाप्रमाणे आणा. सीलबंद बाटली, जागेचा फोटो, दोन साक्षीदारांच्या सह्या. पण एक सांगतो, हा घराचा पत्ता नाही. फार तर तालुका कळेल. गाव तुम्हालाच शोधावं लागेल."

मुदतीचे तेरा दिवस उरले होते. जालन्याबाहेर लग्नकार्याखेरीज न गेलेल्या कुंदाताई साठ बाटल्या, सीलची लाख आणि रोशनीला घेऊन विदर्भाच्या गाडीत बसल्या. नागपूर मागे पडलं तसा मातीचा रंग बदलला. काळी जमीन सरली, लालसर-पिवळी आली, मधे मधे पाठीसारखे गोल खडक वर आले. रोशनी खिडकीला नाक लावून होती. "मावशी, दगड बघा! गुलाबी दगड!"

मे महिन्याच्या उन्हात त्या भाड्याच्या रिक्षाने गावोगाव फिरल्या. प्रत्येक तलावावर एकच क्रम. रोशनी गुडघाभर पाण्यात जायची, काठापासून दूर बाटली भरायची. काठावरच्या विहिरीतून दुसरी बाटली. मग मासेमारी संस्थेच्या माणसांना गाठून सह्या घ्यायच्या आणि विचारायचं, अकरा वर्षांपूर्वी पुष्पा नावाची बाई पाच वर्षांची मुलगी घेऊन इथून गेली होती का? माणसं खाटा टाकायची, पाणी द्यायची, आठवायची आणि मान हलवायची. पहिल्या दिवशी पाच तलाव. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी रोशनीला ऊन लागलं, तरी तिने चार केले. ती थकत होती, पण तिचा उत्साह ओसरत नव्हता. प्रत्येक नव्या तलावाच्या बांधावर ती आधी धावत चढायची आणि वरून ओरडून सांगायची, "मोठा आहे! लई मोठा आहे!"

चौथ्या दिवशी सकाळी मोहबोडी नावाच्या गावच्या तलावावर सहा-सात बायका कमरेएवढ्या पाण्यात जाळी धरून रांगेने चालत होत्या. रोशनीने बाटली भरली आणि तिथूनच त्यांना तोच प्रश्न विचारला.

"पुष्पा?" एक म्हातारी थांबली. "दिसायला कशी?"

"उंच. हनुवटीवर भाजल्याचा डाग. इथं." रोशनीने बोट ठेवलं.

म्हातारीने जाळीचं टोक सोडलं. "अनसूये! ए अनसूये! इकडं ये ना बाप्पा, लवकर ये!"

रांगेच्या पलीकडच्या टोकाची एक बाई पाणी कापत आली. पन्नाशीची, उंच, डोक्याला ओला पदर गुंडाळलेला. ती रोशनीपासून हातभर अंतरावर थांबली. मग तिने ओल्या हाताने रोशनीचा कान चाचपला. कानाच्या पाळीमागे तीळ होता.

"पुष्पीची पोर तू," ती म्हणाली. "पुष्पी कोठी आहे?"

रोशनीने नुसती मान हलवली. अनसूयाबाईने तिला पाण्यातच धरलं. बाकीच्या बाया जाळी टाकून भोवती उभ्या राहिल्या. काठावर कुंदाताईंच्या हातात बाटली तशीच राहिली, झाकण लावायचं त्यांना सुचलं नाही.

"मी तुझी मावशी गे," अनसूयाबाई रडत म्हणत होती. "सख्खी मावशी."

तीन महिने जो शब्द आपला वाटत होता, तो आपल्यासमोर दुसऱ्या कुणाचा होताना कुंदाताईंनी ऐकला.

दुपारी अनसूयाबाईच्या घराच्या पडवीत सगळी हकीकत कळली. रोशनीचा बाप याच तलावात बुडून गेला होता. सासरच्यांनी पुष्पाचं लग्न थोरल्या दिराशी लावायचं ठरवलं. तिच्या भावानेही मान डोलावली. पुष्पा एका सकाळी मुलीला घेऊन मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाडीत बसली, ती गेलीच. अनसूयाबाई तिचा फोटो घेऊन नागपूरच्या स्टेशनापर्यंत तीनदा जाऊन आली होती.

"आई म्हणायची, गाव बुडालं," रोशनी म्हणाली.

"गाव कायले बुडते? तिच्यासाठी बुडालं असन."

जन्माची नोंद? ग्रामपंचायतीचं त्या वर्षाचं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं. म्हणजे अजूनही भिस्त बाटल्यांवरच होती. अनसूयाबाईने रोशनीला जवळ ओढलं. "आता कायले पायजे कागद? पोर घरी आली."

कुंदाताईंनी मोठ्या कष्टाने हसू आणलं. "तुम्ही हरकतीच्या सुनावणीला या. तिचं कुणी आहे हे समितीला दिसायला हवं."

परतीच्या गाडीत रोशनीने विचारलं, "तुम्ही रागावल्यात का?"

"नाही गं."

"मग बोलत का नाही?"

"भीती वाटतेय," कुंदाताई म्हणाल्या. "पण आनंदही झालाय. दोन्ही एकदम झालं की माणसाला बोलता येत नाही."

सुनावणी मुदतीच्या शेवटच्या दिवशी अकरा वाजता पडताळणी केंद्रातच होती. फैजानने आदल्या चार दिवसांत सगळे नमुने यंत्रातून काढले होते, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. अध्यक्षस्थानी समितीच्या अनुराधा ढोबळे होत्या, काटेकोर म्हणून प्रसिद्ध. अनसूयाबाई दोन बसगाड्या आणि एक रेल्वे बदलून आली होती, हातात वाळवलेल्या झिंग्यांची पिशवी.

"एकदा दिलेला निकाल बदलायचा म्हणजे यंत्र चुकलं म्हणायचं का?" ढोबळेबाईंनी विचारलं.

"यंत्र चुकलं नाही, मॅडम," कुंदाताई उठून म्हणाल्या. सांगायचं होतं ते पाण्याबद्दल होतं आणि पाण्याबद्दल त्या कुणालाही घाबरत नव्हत्या. "त्याला जेवढा नकाशा दिला, त्यातलं जवळात जवळचं उत्तर त्याने दिलं. नकाशात एक कोपरा कोरा होता. आम्ही तिथलं पाणी आणलंय. आता तोच प्रश्न पुन्हा विचारा."

फैजानने पडद्यावर रोशनीची रेषा लावली आणि नवे नमुने नकाशात घेतले. यंत्राने मोजायला सुरुवात केली. रोशनीने एका हाताने कुंदाताईंचं मनगट धरलं होतं, दुसऱ्याने अनसूयाबाईचं.

तेलंगणावरचा पिवळा डाग फिका होत गेला. नकाशाच्या पूर्व टोकाला दुसरा डाग उगवला, गडद झाला, आक्रसत तालुक्याएवढा झाला. त्याच्या मधोमध मोहबोडीच्या तलावाची खूण होती.

"साम्य?" ढोबळेबाईंनी विचारलं.

"एकोणनव्वद टक्के, मॅडम. तेलंगणाचं सत्तावन्न होतं."

ढोबळेबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि नकाशा पुन्हा पाहिला. "जन्मापासून राज्याची रहिवासी. उभारी योजनेला पात्र," त्या लेखनिकाला म्हणाल्या. रोशनी किंचाळलीच. शिपाई दारातून डोकावला.

"थांब, अजून संपलं नाही," ढोबळेबाई म्हणाल्या, पण त्यांच्या ओठांच्या कडेला हसू होतं. "सख्खी मावशी सापडल्यावर तात्पुरतं पालकत्व संपतं. अनसूयाबाई, तुम्ही ताबा मागता?"

कुंदाताईंनी जमिनीकडे पाहिलं. अनसूयाबाईने पिशवी खाली ठेवली.

"बाई, मी काल इथं आलो. या पोरीनं मले पाण्याच्या टाकीवर नेलं अन् वर चढून दाखवलं. माझा जीव खाली थरथरत होता. ती वरून हात हलवत होती." तिने रोशनीकडे पाहिलं. "मी तिले पाण्यात चालायचं शिकवू शकतो. ती तं वर चाललीये. तिकडचे फारम, सह्या, साहेबांशी बोलणं मले कोठी जमते? या बाईंचं नाव राहू द्या कागदावर. दिवाळीले मात्र पोर माझ्याकडं आली पायजे. दरवर्षी."

"रोशनी, तुझं म्हणणं?"

"दिवाळीला मोहबोडी," रोशनी म्हणाली. "आन् बाकी सुट्ट्या जालना. दोघीजणी मावश्या. एकीवर भागवा असा काही नियम आहे का?"

"असा नियम मला तरी माहीत नाही," ढोबळेबाई म्हणाल्या आणि आदेशावर 'अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. कुंदाताईंना ती अक्षरं नीट दिसेनात. अनसूयाबाईने पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं.

बाहेर येईपर्यंत बातमी व्हरांड्यात पोचली होती. फैजान मागून धावत आला. नवे नमुने राज्याच्या नकाशात चढताच यंत्राने आपणहून जुनी प्रकरणं पुन्हा तपासायला घेतली होती. 'परराज्य' शिक्का बसलेल्या एकोणीस फायली आत्ताच पिवळ्यातून हिरव्या झाल्या होत्या. "एकोणीस माणसं, मॅडम! त्यांना अजून माहीतही नाही!"

बाकावर बसलेला एक काटकुळा माणूस हे ऐकून उठला. हातात निकालाचा चुरगळलेला कागद होता. "बाई, माझीपण दाढ परराज्यातली निघाली. पण मी गडचिरोलीकडचा आहे, जंगलातला. आमचं पाणी तुमच्या नकाशात आलं का?"

फैजानने फोनवर बघून मान हलवली. नव्हतं आलं.

कुंदाताईंनी रोशनीकडे पाहिलं. प्रशिक्षण सुरू व्हायला अजून सोळा दिवस होते, आणि घरी अठ्ठावीस बाटल्या कोऱ्या उरल्या होत्या. रोशनी आधीच त्या माणसाशेजारी बाकावर बसली होती, हातात पेन होतं.

"काका, नीट सांगा," ती म्हणाली. "लहानपणी पाणी कुठून आणायचात? विहीर होती का झरा?"